बंड्याचे तिसरे घर

आमच्या सोसायटीतील एक काकू दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, "बंड्याला देऊन टाकायचे ठरवले आहे. मी निर्दयी आहे का, तेवढे सांगा." असा पेच आपल्यापैकी अनेकांच्या घरी कधी ना कधी येतो, म्हणून त्यांच्या संमतीने ही हकिकत लिहीत आहे.

बंड्या हा बॉर्डर कोली जातीचा, दोन वर्षांचा कुत्रा. पहिल्या मालकाने त्याला प्राणी-निवाऱ्याच्या फाटकाला बांधून पोबारा केला होता. काकूंच्या लेकीने त्याला घरी आणले आणि सहा महिन्यांत तिची बदली बंगळुरूला झाली. मागे राहिले काका, काकू आणि बंड्या. काकांना सात वर्षांपासून पार्किन्सनचा आजार आहे.

ही जात इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरील डोंगराळ मुलखातली. १८९३ साली जन्मलेला 'ओल्ड हेम्प' हा तिचा मूळपुरुष मानला जातो. आपल्या धनगरांची कुत्री प्रामुख्याने कळपाची राखण करतात. बॉर्डर कोली कळप वळतो. जमिनीलगत दबून, नजर रोखून तो मेंढ्या हलवतो. असा प्राणी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आला, की समोर जे हलते त्यालाच तो वळू लागतो.

बंड्याच्या वाट्याला आले काका. पार्किन्सनमध्ये चालता चालता पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, दाराच्या चौकटीत तर बहुधा. काका असे थबकले की बंड्या त्यांच्याभोवती गोल फिरे. तरीही ते हलले नाहीत, तर टाचेला दात लावी. त्यात राग नसे. अडलेली मेंढी पुढे काढावी, तसे तो आपले काम चोख बजावत होता. दोनदा काका वॉकरसकट कलंडले. दुसऱ्या वेळी मनगट मोडले. (दात लागून कातडी फुटली तर हळद-चुना लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.) बंड्याला फिरवायला एक मुलगा ठेवून पाहिला, चेंडू झाले, कोडी सोडवण्याची खेळणी झाली. थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

काकूंना मी 'नाही' असेच उत्तर दिले. मात्र घाई करू नका, असेही सांगितले.

"गावाकडे शेतावर सोडा," असा सल्ला पहिल्या दिवशीच आला. शेतावर तो बहुधा साखळीला बांधला जाईल. मोकळा राहिला तर न शिकवलेला कोली शेळ्यांना दमेपर्यंत पळवील. जुन्नरसारख्या भागात बिबट्या कुत्री उचलतो, हे वेगळेच. जनावराचे हाल होतील अशा रीतीने त्याला विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. मग दूरध्वनी सुरू झाले. चांगल्या जातीचा कुत्रा फुकट मिळतोय म्हटल्यावर पहिला प्रश्न असे, "नसबंदी झालेली नाही ना?" पिल्ले विकण्याचा धंदा करणारे असे ओळखू येतात. काकूंनी आधी नसबंदी उरकली, मगच पुढचे बोलणे.

त्याच्याविषयीचे टिपण आम्ही दोघींनी मिळून लिहिले. काकूंच्या पहिल्या मसुद्यात 'प्रेमळ आणि शांत' असे होते. 'शांत' मी खोडले. टाचा चावतो, सायकलींमागे धावतो, एकटा राहिला की केकाटतो, फटाक्यांना भितो, हे सारे लिहिले. या जातीतील काही कुत्र्यांना आयव्हरमेक्टिनसारखी औषधे मोठ्या मात्रेत जीवघेणी ठरू शकतात. तेव्हा गोचिडांवर मनाने औषध देऊ नये, हेही घातले. ते वाचून बरेच जण परत फिरले. उरले ते एक तरुण जोडपे. रोज पहाटे टेकडीवर धावायला जाणारे. घरात लहान मूल नाही, वृद्धही नाहीत. ते तीन वेळा येऊन बंड्याला स्वतः फिरवून गेले. दोन आठवडे ठेवून पाहायचे आणि जमले नाही तर दुसऱ्या कोणालाही न देता काकूंकडेच परत आणायचे, असे कागदावर ठरले.

काकांना काय सांगायचे, हा सर्वांत अवघड भाग. शिकवायला पाठवला आहे असे सांगावे, असे लेकीचे मत होते. काकूंनी खरे ते सांगितले. काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "त्याची जुनी गोधडी बरोबर द्या. नव्या जागी झोप लागत नाही त्याला."

बंड्याला जाऊन आता दोन महिने झाले. तो तिकडे रमला आहे, पण सायकली अजून सुटलेल्या नाहीत. इकडे फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून काकूंनी दाराच्या चौकटीत रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या आहेत. रेघ ओलांडायची म्हटले की खिळलेले पाऊल सुटते. काल मी गेले तेव्हा काका पहिल्या रेघेशी थबकले होते. खाली पाहत हलकेच म्हणाले, "चल रे बंड्या, हो बाजूला," आणि पाऊल टाकले.