वार्धक्याचा खर्च कोणाच्या माथी?

चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टै येथे १९९८ पासून ह्युंदाईच्या मोटारी तयार होत आहेत. या पट्ट्यातील कारखान्यांना तरुण हात हवे असतात. त्या हातांना वाढविणारे आईबाप मात्र बहुधा गावीच राहतात. ते अंथरुणाला खिळले म्हणजे कामगारापुढे प्रश्न उभा राहतो : घरी शुश्रूषा करावी की वृद्धाश्रमात ठेवावे?

घरची शुश्रूषा स्वस्त, असे सांगितले जाते. हा हिशेबच खोटा आहे. वृद्धाश्रमाच्या बिलात निवास, जेवण आणि परिचारिकेचा पगार मांडलेला असतो. घरी तेच काम सून किंवा मुलगी करते. तिची बुडालेली मजुरी कोणत्याही वहीत चढत नाही. पगारी माणसे ठेवावयाची म्हटल्यास, रात्रंदिवस परावलंबी असलेल्या रुग्णासाठी तीन पाळ्यांचा खर्च एकाच घरावर पडतो. संस्थेत तो अनेकांत विभागला जातो.

सरकारचा वाटा किती? २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांच्या निवासाची तरतूद आहे. पण ती राज्यांच्या मर्जीवर सोडलेली. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ८० वर्षांखालील व्यक्तीस केंद्र दरमहा अवघे २०० रुपये देते. तामिळनाडूने २०२१ पासून घरोघरी उपचार पोहोचविण्यास प्रारंभ केला. ते पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु रोजची शुश्रूषा त्याने भागत नाही.

म्हणून शुश्रूषेच्या श्रमाला वेतन, जिल्ह्याजिल्ह्यांत सार्वजनिक वृद्धाश्रम आणि जगण्यापुरते निवृत्तिवेतन या मागण्या कामगार संघटनांनी वेतनकराराइतक्याच नेटाने लढविल्या पाहिजेत.