कादंबरी वाचणारांचें कर्तव्य

गेल्या महिन्यांत येथील एका जुन्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची सभा भरली होती, व सभासद या नात्यानें आम्हीहि तींत हजर होतों. कार्यक्रमपत्रिकेंतील शेवटचा विषय एका मराठी कादंबरीचा होता. नवऱ्याचें घर सोडून स्वतःच्या पायांवर उभी राहणाऱ्या एका बाईची हकीकत तींत आहे. सबब तें पुस्तक तरुण स्त्रियांच्या हातीं पडूं नये, व तें देवघेवींतून काढून कपाटांत कुलुपबंद ठेवावें, असा ठराव एका वजनदार गृहस्थांनीं मांडला. अनुमोदनार्थ चार भाषणें झालीं. कुटुंब, संस्कृति, परकी विचारांचें आक्रमण इत्यादि शब्दांचा त्यांत सुकाळ होता. तेव्हां आम्हीं एवढेंच विचारलें कीं, बोलणारांपैकीं पुस्तक कोणी वाचलें आहे? एकानें त्याविषयीं घरांत ऐकलें होतें, दुसऱ्यानें मित्राकडून. ठराव मांडणाऱ्या गृहस्थांनीं दहापांच पानें चाळलीं होतीं. सबंध पुस्तक वाचलेले असे आमच्याखेरीज एकच गृहस्थ निघाले. ते म्हणजे एका कापडाच्या पेढीचे वृद्ध मालक. ते उठून म्हणाले, "पुस्तक मला सगळें पटलें नाहीं. शेवट ओढूनताणून केलेला आहे. पण मीं तें माझ्या सुनेला वाचायला दिलें, आणि परत करतांना तिनें जें सांगितलें तें बारा वर्षें एका घरांत राहून मला ठाऊक नव्हतें." इतकें बोलून ते खालीं बसले. मतें घेण्यांत आलीं व ठराव पास झाला. तें पुस्तक आज कुलपांत आहे.

पुस्तकाचें नांव आम्ही मुद्दाम देत नाहीं. तें चांगलें कीं वाईट, हा आजचा प्रश्न नव्हे. न वाचलेल्या पुस्तकावर मत देण्याचा, आणि तें मत दुसऱ्यावर लादण्याचा, अधिकार कोणास कोठून आला, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याच्या धंद्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस एक गोष्ट पाठ झालेली असते. साक्षीदारानें डोळ्यांनीं पाहिलेलें सांगावें, कानांनीं ऐकलेलें सांगावें. शेजाऱ्यानें काय पाहिलें तें शेजाऱ्यास सांगूं द्यावें. १८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्यांत हें तत्त्व होतें, व तो कायदा रद्द होऊन १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं जो नवा कायदा अंमलांत आला, त्यांतहि तें कायम आहे. कांहीं थोडे अपवाद सोडले तर ऐकीव गोष्टीवर कोणाचें शेतहि जात नाहीं व कोणास कैदहि होत नाहीं. मग पुस्तकास तेवढी ऐकीव पुराव्यावर शिक्षा कां व्हावी?

यावर कोणी म्हणेल कीं, शितावरून भाताची परीक्षा होते. दहा पानें पुरे आहेत. पण भांड्यांतला भात सगळा एका जातीचा असतो, कादंबरी तशी नसते. तींत दुष्टाचें बोलणें असतें व सुष्टाचेंहि असतें. आरंभीं जो मनुष्य निर्दय दिसतो तो शेवटीं रडतो. नेमकें दहावें पान उघडून तेथील एखाद्या लबाडाचें भाषण ग्रंथकाराच्या माथीं मारणें म्हणजे फिर्यादीची कैफियत वाचून प्रतिवादीस न ऐकतां हुकूमनामा करण्यासारखें आहे.

कादंबरीवर आक्षेप घेण्याची रीत आजची नव्हे. १८५७ सालीं बाबा पदमनजींनीं 'यमुनापर्यटन' लिहून हिंदु विधवांची स्थिति कथेच्या रूपानें लोकांपुढें मांडली. १८६१ सालीं हळब्यांची 'मुक्तामाला' आली व तिच्यामागून अद्भुत कथांची रीघ लागली. १८७१ सालीं गुंजीकरांनीं 'मोचनगड' लिहून शिवकालाकडे वळण घेतलें. या नव्या वाङ्मयास काय म्हणावें तेंहि अद्याप ठरलेलें नव्हतें. बाणभट्टाच्या ग्रंथाचें नांव पुढें साऱ्या जातीस मिळालें, पण तेव्हां 'नावल' हा शब्दहि चाले. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं १८७२ सालीं, म्हणजे वरील पुराव्याचा कायदा झाला त्याच सालीं, 'नावल' व नाटक यांवर निबंध लिहिला. पुढें १९०२ सालीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं, ज्यांचा जन्म जुनीं दप्तरें धुंडाळण्यांत गेला त्यांनीं, युरोपांतील कादंबऱ्या डोळ्यांपुढें ठेवून मराठी कादंबरीची झडती घेतली. या मंडळींचीं सर्व मतें आम्हांस मान्य आहेत असें नाहीं. पण ह्यांनीं आधीं वाचलें व मग लिहिलें. आणि जें लिहिलें त्यास कारणें दिलीं. कारणें दिलेलीं असलीं म्हणजे शंभर वर्षांनींहि मनुष्यास त्यांच्याशीं भांडतां येतें. नुसत्या 'छान' किंवा 'छी' शीं कोणास भांडतां यावयाचें?

मत देण्याघेण्यानें काय होतें, असें कोणी विचारील तर त्यानें १८९० व १८९१ हीं सालें आठवावीं. संमतिवयाच्या बिलावरून तेव्हां महाराष्ट्र पेटला होता. मुलीच्या संमतीचें वय दहाचें बारा करावें कीं नाहीं यावर टिळकांचा पक्ष विरोधी होता, आगरकरांचा 'सुधारक' अनुकूल होता, आणि १८९१ सालीं कायदा पास झाला. शास्त्रार्थ निघाले, सभा झाल्या, कलमांचा कीस पडला. त्याच सुमारास हरिभाऊ आपट्यांच्या १८९० सालीं निघालेल्या 'करमणूक' पत्रांत 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः येत होती. १८९३ सालीं ती पुस्तकरूपानें निघाली. तींत यमू नांवाची मुलगी स्वतःच्या तोंडानें आपलें माहेर, सासर, लग्न, वैधव्य आणि केशवपन सांगते. कलमांच्या वादांत जिच्याविषयीं वाद चालला होता तिचा आवाज फारच थोड्यांस ऐकूं येत होता. कादंबरींत मात्र तीच बोलत होती. तो आवाज एका पुरुषानें कल्पिलेला होता हें खरें. पण पुरुषास तो कल्पावासा वाटला, हीच त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. ही कादंबरी आज वाचणारास आम्ही आधींच सांगूं कीं तिचा आरंभ संथ आहे व मध्यंतरीं पाल्हाळ पुष्कळ आहे. तरीहि ती वाचावी. कारण कायद्याचें पुस्तक ज्या घराच्या उंबरठ्याशीं थांबतें, त्या घराच्या माजघरांत ही कादंबरी नेते.

दुसरी एक खोड आम्हांस फार दिवसांची आहे. ती म्हणजे पुस्तकाऐवजीं ग्रंथकाराची चौकशी करणें. १९३३ सालीं 'विभावरी शिरूरकर' या नांवानें 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला, व त्याच नांवानें 'हिंदोळ्यावर' ही कादंबरीहि निघाली. शिकलेल्या, मिळवत्या स्त्रीचें मन त्यांत उघडें केलें होतें. मोठें वादळ उठलें; आणि त्या वादळांत, लिहिलें तें खरें कीं खोटें यापेक्षां, लिहिणारी व्यक्ति कोण याचाच शोध अधिक चालला. मालतीबाई बेडेकर हें खरें नांव कळल्यानें त्या पुस्तकांतील एकहि ओळ कमी किंवा अधिक खरी झाली नाहीं.

याच बाईंनीं १९५० सालीं 'बळी' लिहिली. १८७१ सालीं परकी सरकारनें गुन्हेगार जातींचा कायदा प्रथम केला व पुढें तो वाढवीत नेला. त्या कायद्यानें सबंध जमातीच्या जमाती जन्मानेंच गुन्हेगार ठरविल्या. सोलापुरास अशा लोकांसाठीं तारेच्या कुंपणाची वसाहत होती. मालतीबाईंनीं तेथें नोकरी केली होती, व त्या कुंपणाआंतील जिणें हा 'बळी'चा विषय आहे. स्वराज्य झाल्यावर १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला. १९५९ सालीं अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' आली. तींत दुष्काळानें उपाशी मरणाऱ्या लोकांसाठीं धान्य लुटणारा मांग वीर आहे, आणि सरकारी हजेरीचा जाचहि आहे. ह्या दोन कादंबऱ्या एकापाठोपाठ वाचाव्या अशी आमची वाचकांस शिफारस आहे. कारण असें कीं, एक बाहेरून आंत गेलेल्या अधिकारी स्त्रीनें लिहिली आहे, दुसरी त्याच समाजांत जन्मलेल्या पुरुषानें. पहिलींत करुणा अधिक आहे, दुसरींत ताठ मान अधिक आहे. 'फकिरा'चा नायक आम्हांस थोडा फार उजळ वाटतो. दुसऱ्या कोणास तसें वाटणार नाहीं. पण तो कायदा आम्ही विद्यार्थिदशेंत इतिहासाचा एक धडा म्हणून वाचला होता, व या दोन पुस्तकांनंतर तसा तो वाचतां येईना, एवढें आम्ही शपथेवर सांगूं.

न वाचतां निंदा करणें हा जसा एक दोष, तसा न वाचतां स्तुति करणें हा दुसरा. पुस्तकाच्या मलपृष्ठावर ग्रंथकाराच्या स्नेह्यांचे अभिप्राय छापलेले असतात. त्यांत प्रत्येक कादंबरी 'युगप्रवर्तक' असते. इतकीं युगें बदलल्यावर वाचकास आपण कोणत्या युगांत आहों हेंहि कळेनासें होतें! मैत्रीखातर खोटी शिफारस करणारास आम्ही एवढेंच विचारतों कीं, पत नसलेल्या इसमास तो बाजारांत जामीन राहील काय? शिफारस हीहि एक जामीनकीच आहे. ती एकदां बुडाली म्हणजे पुढील चांगल्या पुस्तकासाठींहि त्याच्या शब्दावर कोणी चार पैसे टाकीत नाहीं, आणि त्या नुकसानींत अखेर मराठी भाषा भागीदार होते.

आमचे व्यापारी वाचक म्हणतील, "हें टीकाकारांचें काम, आम्ही दुकानदार मंडळी, आम्हांस त्यांतलें काय कळतें?" हा विनय आम्हांस मान्य नाहीं. ज्वारीच्या पोत्यांतून मूठभर दाणे तळहातावर घेऊन भाव सांगणारा मनुष्य कृषिशास्त्राची पदवी घेतलेला नसतो. त्यानें माल पुष्कळ पाहिलेला असतो, व चुकीच्या भावाचा तोटा स्वतः सोसलेला असतो. ज्यानें पन्नास कादंबऱ्या मनापासून वाचल्या, त्याचें मत ऐकण्यालायक आहे. तें त्यानें पुढील रीतीनें द्यावें म्हणजे झालें: पुस्तक सबंध वाचलें कीं अर्धें, तें आधीं सांगावें. काय आवडलें व कोठें कंटाळा आला, दोन्ही सांगावें. शेवट उघड करूं नये. हें पुस्तक कोणास रुचेल व कोणास रुचणार नाहीं, याचा अंदाज द्यावा. आणि दुसऱ्याचें म्हणणें ऐकून आपलें मत फिरलें तर तें कबूल करण्यास लाजूं नये. वरिष्ठ न्यायालयें सुद्धां आपले निकाल फिरवितात.

लहान मुलांच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें हें आईबापांनीं पाहावें, याविषयीं आमचा वाद नाहीं. पण वयांत आलेली स्त्री ही मूल नव्हे. जी मत देऊन सरकार निवडूं शकते, ती कादंबरी निवडूं शकत नाहीं असें म्हणणें हास्यास्पद आहे. आणि खरी गोष्ट अशी आहे कीं, पुस्तकें कुलपांत ठेवणारास पुस्तकाचें भय वाटत नाहीं. तें वाचून घरांतील माणसें काय बोलूं लागतील याचें भय वाटतें. त्या वृद्ध व्यापाऱ्यानें तें बोलणें ऐकून घेतलें, व त्यानें त्याचें घर मोडलें नाहीं.

आतां करावें काय? महाराष्ट्रांत १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, व सरकारी अनुदानावर चालणारीं वाचनालयें गांवोगांव आहेत. तीं लोकांच्या पैशावर चालतात. मंडळावरील सभासदांच्या घरचीं तीं कपाटें नव्हेत. प्रत्येक वाचनालयानें देवघेवीच्या मेजावर एक जाड वही ठेवावी, व तींत कोणाहि वर्गणीदारास वाचलेल्या पुस्तकावर सहीनिशीं दहा ओळी लिहूं द्याव्या. महिन्यांतून एक संध्याकाळ वाचलेल्या कादंबऱ्यांवर बोलण्यासाठीं राखावी, आणि त्या बैठकींत स्त्रियांस केवळ श्रोत्यांच्या जागा देऊं नयेत. यास खर्च एका वहीचा व थोड्या चहाचा आहे.

येथील वाचनालयाची सर्वसाधारण सभा लौकरच भरेल. वरील ठराव फिरवावा अशी सूचना आम्ही तींत मांडणार आहों. मात्र मतदानाआधीं पुस्तक कुलपांतून काढून प्रत्येक सभासदाच्या हातीं आठ आठ दिवस द्यावें, अशी आमची पहिली मागणी राहील. तें सबंध वाचून ज्यांस वाईट वाटेल त्यांनीं आमच्या विरुद्ध खुशाल मत द्यावें, व कारणें सांगावीं. तीं आम्ही या पत्रांत त्यांच्या नांवानिशीं छापूं. न वाचतां हात वर करणारांस मात्र, पान कितवें, एवढा प्रश्न आम्ही भर सभेंत विचारल्यावांचून राहणार नाहीं.