फेसाचा मान : जिनचा पेला आणि पालघरचा ताड

१/१३
जिन, लिंबू, साखर, अंड्यातील पांढरा भाग आणि सोडा. या मिश्रणावर दाट पांढरा फेस कसा आणावा, याचे धडे आज बोईसरच्या सदनिकेतही मोबाइलवर मिळतात. तारापूर-डहाणूच्या किनाऱ्यावर मात्र स्वतःहून फेसाळणारे पेय पिढ्यान्‌पिढ्या होते. एका फेसाला प्रतिष्ठा आणि दुसऱ्याला बदनामी का मिळाली, त्याचा हा इतिहास. #धागा

२/१३
या घराण्यातील सर्वांत नामांकित पेय म्हणजे ‘रामोस जिन फिझ’. हेन्री रामोस यांनी ते १८८८ च्या सुमारास न्यू ऑर्लिन्समध्ये रूढ केले. त्यात साय आणि नारिंगीच्या फुलांचे अर्कपाणीही पडते. पेला बारा मिनिटे हलवावा असा दंडक सांगितला जाई. त्यासाठी हलवणाऱ्या पोरांची रांगच नोकरीला असे.

३/१३
एवढे श्रम कशासाठी? अंड्यातील प्रथिने घुसळली की उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती पडदा धरतात. म्हणून घरी करणारे आधी बर्फाविना हलवतात, मग बर्फ घालून, आणि सोडा शेवटी हळूच ओततात. हा फेस पूर्णपणे मनगटाच्या बळावर उभा राहतो.

४/१३
ताडीला मनगट लागते ते झाडावर चढण्यासाठी. ताड-माडाच्या फुलोऱ्याला धारदार कोयत्याने चीर देतात आणि खाली मडके बांधतात. मडक्याला आतून चुना फासला तर रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसेल तर यीस्ट काही तासांतच साखरेचे मद्य करते. त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड म्हणजेच ताडीचा फेस.

५/१३
इंग्रजी मद्यालयांनी या भूमीकडून शब्दही उचलले. थंडीत पितात ती ‘हॉट टॉडी’ म्हणजे आपली ताडीच. ‘पंच’ हा शब्द पाच घटकांवरून आला असे सामान्यतः मानले जाते. आज परदेशी वाटणाऱ्या या पेयपरंपरेची नावे अशी आपल्या किनाऱ्यावर ओळखीची निघतात.

६/१३
उत्तर कोकणात झाडावर चढण्याचा हा व्यवसाय प्रामुख्याने भंडारी समाजाचा. वारल्यांच्या लग्नकार्यात आणि देवकार्यातही ताडीला स्थान होते. वारली चित्रांत ताडावर चढणारा माणूस वारंवार दिसतो, तो शोभेसाठी नव्हे. त्या जगण्याचा तो एक खांबच होता.

७/१३
मग १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला. झाड छेदायला परवाना, झाडावर खूण आणि झाडागणिक कर. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून मद्यनिर्मिती मोठ्या मक्तेदारांच्या हाती एकवटली. उरण हे मोहाच्या दारूचे केंद्र झाले. सरकारला लोकांचे पिणे थांबवायचे नव्हते. त्याला हवा होता महसूल, आणि तो एका ठिकाणी मोजून मिळणारा.

८/१३
१८९२ च्या मोहवा कायद्याने यावर कळस चढवला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर आणि साठवण्यावर निर्बंध आले. आजचा पालघर तेव्हा ठाण्यातच होता. टंचाईच्या दिवसांत हीच फुले आदिवासींच्या पोटाला आधार असत. मक्तेदाराची विक्री सुरक्षित ठेवण्यासाठी गरिबाच्या अन्नावर पहारा बसला.

९/१३
स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला, पण झाडावर चढणाऱ्याचे भाग्य बदलले नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मुंबई राज्यात पूर्ण बंदी आणली. पुढे महाराष्ट्रात ती सैल झाली आणि परवानाधारकाला बाटलीबंद जिन उघडपणे घेता येऊ लागली. ताडाखालच्या मडक्याकडे मात्र कायदा संशयानेच पाहत राहिला.

१०/१३
याला सन्मान्य अपवाद होता. गांधीविचारातून नीरा आणि ताडगूळ यांची चळवळ उभी राहिली. तिच्यासाठी झटलेल्या गजानन नाईक यांच्या नावाने डहाणूला खादी ग्रामोद्योग आयोगाचे प्रशिक्षण केंद्र आहे. झाड तोडण्यापेक्षा आणि माणसाला गुन्हेगार ठरवण्यापेक्षा त्याच्या कौशल्याला बाजार द्यावा, हा या कामामागचा विचार आजही शिळा झालेला नाही.

११/१३
यावर आक्षेप येईल, आणि तो खरा आहे : दारूने संसार धुळीला मिळवले. पाड्यांतल्या बायकांनी दारूविरुद्ध उठाव केले ते उगाच नव्हेत. क्लोरल हायड्रेट मिसळलेली बनावट ताडी तर सरळ विषच. पण हे विष झाडातून येत नाही. झाडे आणि चढणारे हात कमी झाले, मागणी उरली. ती पोकळी भेसळीने भरली. अस्सल ताडी दुर्मीळ करणारे धोरण बनावट ताडीचेच पोषण करते.

१२/१३
दुसरी वाट शेजारीच आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेय ठरवले. पालघर जिल्ह्यातही घोलवडच्या चिकूला मानांकन आहे. मग ताडी-नीरेसाठी झाड चढणाऱ्यांच्या सहकारी संस्था, रोजची तपासणी आणि नव्या झाडांची लागवड का नसावी?

१३/१३
घरी जिनवर फेस आणणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. ती एक सुंदर कारागिरी आहे. परंतु बारा मिनिटे पेला हलवणे ही कला, आणि कोयता कमरेला खोचून भल्या पहाटे ताडावर चढणे हा मागासलेपणा, हा निवाडा चवीने दिलेला नाही. तो अबकारीच्या वह्यांनी दिला. उन्हाळ्यात रस्त्याकडेला ताडगोळे घेताना एवढे जरी ध्यानात आले, तरी तो निवाडा बदलण्याची सुरुवात होईल.