गल्लाभरू कोण आणि कलावंत कोण?



पडद्यावरील कोणती नग्नता कला आणि कोणती निव्वळ धंदा, हा वाद पुण्यास नवा नाही. प्रभात कंपनीच्या जुन्या आवारात १९६० साली सरकारी फिल्म संस्था स्थापन झाली, १९६४ साली चित्रपट संग्रहालय आले, आणि तेव्हापासून येथील सुशिक्षित वर्ग या वादात स्वतःस पंच समजत आला आहे. पंचांचा निवाडा ठरलेला आहे. दिग्दर्शक नामवंत असला आणि परदेशी पारितोषिक मिळाले की ती कला; तेच दृश्य हलक्या चित्रपटात आले की तो गल्लाभरूपणा! हा निवाडा आम्हांस साफ नामंजूर आहे. उघडे पडणारे शरीर बहुतेक वेळा कोणाच्या घरच्या बाईचे असते, हा सवाल या पंचांनी कधी विचारला आहे काय?

१९८१ च्या 'चक्र' चित्रपटाचे उदाहरण घ्या. कादंबरी जयवंत दळवींची, दिग्दर्शन रवींद्र धर्मराज यांचे, आणि झोपडपट्टीतील अम्माची भूमिका पुण्यात जन्मलेल्या स्मिता पाटील यांची. त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटास लोकार्नो येथे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. अम्मा उघड्यावर स्नान करते, कारण तिला न्हाणीघर नाही. वस्तीतल्या नळावर लुगड्याच्या आडोशाने अंग धुणाऱ्या आमच्या आयाबहिणींना त्यातील लाजेचा अर्थ शिकवावा लागत नाही. परंतु तेच स्नान कथेतून फाडून जाहिरातीच्या फलकांवर चढविले गेले. चित्रपटात जे दारिद्र्याचे दुःख होते, ते भिंतीवर गिऱ्हाईक बोलाविण्याचे साधन झाले. दृश्य तेच, बाई तीच! मग नग्नता मोजून सीमारेषा आखणाऱ्यांची फूटपट्टी येथे काय कामाची?

आमच्या मते रेषा अन्यत्र आहे. ज्याचे दुःख दाखविले, त्याचा त्या दाखविण्यावर अधिकार राहिला की नाही? आणि प्रेक्षकाला खुर्चीत सुखाने बसून ते बघता येते की नाही?

या कसोटीवर 'बँडिट क्वीन' हा १९९४ चा गाजलेला चित्रपट घासून पाहा. फुलनदेवी तेव्हा हयात होत्या. आपल्यावरील अत्याचार चव्हाट्यावर मांडू नयेत म्हणून त्यांनी दिल्लीच्या न्यायालयाचे दार ठोठावले. पुढे तडजोड झाली. याच फुलनदेवींनी १९९५ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर बौद्ध धम्म स्वीकारला, हे नवदीक्षित कुटुंबांनी ध्यानी ठेवावे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, त्यातील विवस्त्र धिंडीने वासना चाळवत नाही, करुणा आणि घृणा उत्पन्न होते. प्रेक्षकापुरते ते खरे असेल. परंतु जिची धिंड निघाली, तिने नको म्हटले असता प्रेक्षकाची करुणा कोणत्या हक्काने मध्ये येते? गावकऱ्यांनी एकदा जे केले, ते तिकीट लावून रोज तीन खेळांत दाखविणे हा तिचा सन्मान म्हणावा काय? या चित्रपटास आम्ही भिकार म्हणत नाही. त्याची कारागिरी उत्तम आहे. उत्तम कारागिरीनेच तर तो पंचांच्या हातून सुटला.

यावर कलाप्रेमी म्हणतात, अशी बंधने पाळली तर अन्यायाचे सत्य पडद्यावर येणारच नाही. त्यांनी नागराज मंजुळे यांचे चित्रपट पुन्हा पाहावेत. २०१३ च्या 'फँड्री'त डुक्कर धरणाऱ्या कुटुंबाची विटंबना पाहून हसणारे गावकरी आहेत, आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. २०१६ च्या 'सैराट'मध्ये जातीसाठी दोन जीव कापले जातात. तो खून दिग्दर्शकाने दाखविलाच नाही. दाखविली ती रक्तात भरलेली लहान मुलाची पावले, आवाजसुद्धा काढून घेऊन. आणि गल्ल्याचीच भाषा हवी असेल, तर याच चित्रपटाने तोवरच्या सर्व मराठी चित्रपटांच्या कमाईचा उच्चांक मोडला.