मागच्या बाकावरची पाहुणी

भाऊबीजेला बहिणीकडे जाताना ओवाळणीचे पाकीट खिशात ठेवावे आणि अक्कल घरी ठेवून जावे, असा माझा इतक्या वर्षांचा रिवाज आहे. तिथे तिची गरजच पडत नाही. पाटावर बसावे, ओवाळून घ्यावे, करंजी कानाशी हलवून "ताई, यंदा सारण कमी पडलं वाटतं" म्हणावे, आणि जेवून आडवे व्हावे. गेल्या दिवाळीत मात्र कऱ्हाडला ताईकडे पाटावरून उठतो न उठतो तोच भाचीने माझ्यापुढे तीन छापील कागद ठेवले आणि म्हणाली, "मामा, यातलं कुठलं करू ते तू सांग. आई म्हणते, मामा सांगेल ते."

कागद इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाचे होते. मी मराठीचा लेक्चरर. माझ्या इंग्रजीविषयी आमच्या स्टाफरूममध्ये जे मत आहे ते येथे देत नाही. पण ताईच्या घरी मी 'प्रोफेसर', आणि प्रोफेसराला सगळेच ठाऊक असते ही ताईची श्रद्धा. ती मोडण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही.

भाची इंग्रजी घेऊन एम.ए. झाली आहे. सकाळी एका खासगी शाळेत नोकरी करते. पगार सांगण्यासारखा नाही. संध्याकाळी घरीच पाच-सहा नर्सबाईंना बोलायचे इंग्रजी शिकवते. त्या बायकांना परदेशी नोकरीला जायचे आहे. या संध्याकाळच्या तासावर भाचीचा जीव. मोठ्या माणसांना भाषा शिकवायची, हाच धंदा करायचा, असे तिने मनाशी घेतले आहे.

"मग सरळ बी.एड. कर की!" मी म्हणालो.

"मामा, ते शाळेसाठी. अनुदानित शाळेत लागायचं तर बी.एड. हवं, टीईटी हवी. तिथे हे कागद कुणी विचारणार नाही. आणि मोठ्यांच्या भाषावर्गांना, बाहेरदेशीच्या संस्थांना हा कागद लागतो. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत."

नोकरी सोडून महिनाभर परगावी राहण्याची सोय नाही. तेव्हा जे काही करायचे ते घरी बसून. पण घरी बसून करण्याचेही तीन प्रकार! पूर्वी मुलीला स्थळे सांगून येत, तशी ही तीन स्थळे माझ्यापुढे पसरली होती.

पहिले सगळ्यांत स्वस्त. काही हजारांत काम. याला टेफल म्हणतात, म्हणजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकवणे. आधी भरून ठेवलेल्या फिती पाहायच्या, प्रत्येक फितीखाली प्रश्न असतात, त्यांच्या उत्तरांवर खुणा करायच्या, की १२० तासांचे प्रमाणपत्र हातात. हा १२० तासांचा आकडा या बाजारात रूढ झाला आहे खरा. पण त्या तासांत काय घडावे हे ज्याचे त्याने ठरवायचे, कारण या सगळ्यांवर देखरेख करणारी एक अशी संस्था जगात कुठेच नाही. नमुन्याचा एक धडा फुकट होता. भाचीने तो मला लावून दिला. दहा प्रश्नांपैकी आठ माझे बरोबर आले! म्हणजे ज्याने जन्मात इंग्रजीचा एकही तास घेतला नाही, असा मनुष्य फराळ करता करता चालू पूर्ण वर्तमानकाळ शिकवण्यास लायक ठरला.

तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी म्हणालो, "हेच कर. कागद मिळाल्याशी कारण." दाजीही "बरोबर आहे" म्हणाले. सल्ला स्वस्त असला की दाजींना तो नेहमी बरोबर वाटतो.

दुसरा प्रकार आपल्या ओळखीचा, दूरशिक्षणाचा. हैदराबादला १९५८ साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश निघाली, तीच २००७ साली केंद्रीय विद्यापीठ झाली. तिने इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम वर्षानुवर्षे दूरशिक्षणाने चालवला आहे. छापील धडे, स्वाध्याय लिहून पाठवायचे, तपासून परत यायचे. ही रीत फार जुनी. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत पत्र जाऊ लागले, आणि आयझॅक पिटमनने लगोलग लघुलेखनाचे धडे टपालाने पाठवायला सुरुवात केली. विद्यार्थ्यांनी गिरवून पाठवलेले तो दुरुस्त करून परत धाडी. या प्रकारात अभ्यास पक्का होतो, आणि तुम्ही लिहिलेले निदान कोणीतरी वाचतो. भाचीला तो पसंतही होता. पण तिची अडचण लिहिण्याची नव्हती.

तिसरे स्थळ श्रीमंत. केंब्रिजचे सेल्टा. फी लाखाच्या वर. प्रवेशाआधी मुलाखत आणि भाषेची परीक्षा. चार-पाच आठवडे दिवसभर करा, नाहीतर थोडे थोडे करून काही महिन्यांत. याचा बराचसा अभ्यास पूर्वीही नेटवर करता येई. पण सरावपाठ मात्र प्रत्यक्ष वर्गातच घ्यावे लागत. २०२० साली करोनाने वर्ग बंद पाडले तेव्हा सरावपाठही पडद्यावर घेण्याची मुभा मिळाली, ती पुढेही राहिली. प्रमाणपत्र तेच, घरी बसून केले की वर्गात, हे त्यावर लिहीत नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट अशी की या लाखभर रुपयांत मिळते काय? सहा तास शिकवायला मिळते. हिशेबी माणसाला वेड लागेल! पैसे आपण द्यायचे आणि शिकवायचेही आपणच. देशोदेशीची खरीखुरी शिकणारी माणसे पडद्यावर येतात; त्यांना हा वर्ग फुकट असतो. आपण टाचण काढायचे, पाठ घ्यायचा. मार्गदर्शक एका कोपऱ्यात तोंड मिटून टिपणे घेत बसतो, आणि सोबतचे चार-पाच उमेदवारही पाहत असतात. पाठ संपला की सगळे मिळून त्याची चिरफाड. मग दुसऱ्याचा पाठ आपण पाहायचा. शिवाय मुरलेल्या शिक्षकांचे सहा तास पाहायचे आणि चार लेखी स्वाध्याय. शेवटी परीक्षा नाही. जे काय जोखायचे ते या पाठांवरून. ट्रिनिटी कॉलेजचे याच तोडीचे एक प्रमाणपत्र आहे. त्यात तर उमेदवाराला एक अगदी अनोळखी भाषा चार तास शिकायला लावतात, शिकणाऱ्याची फजिती काय असते ते कळावे म्हणून. (तिथे कोणी मराठी ठेवली तर च आणि ज यांच्या दोन-दोन उच्चारांनीच उमेदवार अर्धमेले होतील, असे मला वाटून गेले.)

"मला याचीच भीती वाटते," भाची म्हणाली. "आणि हेच करावंसंही वाटतं. नर्सबाई माझ्यापुढे माना डोलावतात, पण बोलत नाहीत. माझं काय चुकतं ते मला कुणी सांगतच नाही." मग एकदम, "मामा, तुझा तास कधी कुणी पाहिलाय?"

मी करंजी खाली ठेवली.

वाचकहो, मी एम.ए. झालो, सेट उत्तीर्ण झालो, आणि एका सोमवारी सत्तर मुलांपुढे उभा राहिलो. कॉलेजात शिकवायला या दोन गोष्टी पुरतात. शिकवता येते की नाही, हे कोणी पाहत नाही. प्राथमिक शाळेतल्या गुरुजीला मात्र आधी सरावपाठ द्यावे लागतात! पुढे ओरिएंटेशनचा वर्ग केला; तिथेही आम्ही बसून व्याख्यानेच ऐकली. वीस वर्षांत दोनदा प्राचार्य माझ्या वर्गाच्या दारात आले होते, पण ते तास होतो की नाही एवढे पाहायला.

"नाही," मी म्हणालो. आणि कसे कोण जाणे, पुढे म्हणालो, "सुट्टी संपली की तू ये."

ती खरोखरच आली. मागच्या बाकावर वही घेऊन बसली. वीस वर्षे मी जो तास डोळे मिटून घेत आलो, त्या तासाला माझ्या तोंडाला कोरड पडली. विषय संतकवितेचा, माझ्या हातखंड्याचा. मी रंगलो. मुले हसायच्या जागी हसली. स्वतःवर खूश होऊन बाहेर आलो आणि कँटीनमध्ये चहा सांगितला.

भाचीने वही उघडली. "मामा, अठ्ठेचाळीस मिनिटांतली त्रेचाळीस मिनिटं तू बोललास."

"लेक्चर म्हणतात त्याला."

"'कळलं ना?' असं तू अकरा वेळा विचारलंस. एकदाही उत्तरासाठी थांबला नाहीस. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती, तिने दोनदा तोंड उघडलं होतं. तुला दिसलीच नाही."

खरेच नव्हती दिसली. ती मुलगी कोण, हे मला हजेरीपट पाहूनही आठवेना. चहा निवाला. भाचीला वाईट वाटले असावे. "पण तू छान बोलतोस," ती म्हणाली. ते आणखी लागले.

त्या रात्री मी ताईला फोन करून माझा सल्ला मागे घेतला. तिसरेच करू दे म्हणालो; थोडे थोडे करायचे, म्हणजे शाळेची नोकरीही राहील. दाजी तिकडून ओरडले, "लाखभर रुपये? सहा तासांसाठी?" ताईने पाटल्या गहाण ठेवण्याची भाषा सुरू केली. मी निम्मी फी ओवाळणी म्हणून देऊ केली. त्यावर आमचे जे भांडण झाले ते सांगण्यात अर्थ नाही. भाचीने शिलकीतले काढले, मी निम्मी दिली, पाटल्या कपाटातच राहिल्या. आमच्या घरी मात्र यंदा स्कूटर बदलायची राहिली. त्याविषयी सौभाग्यवती अजून काही बोललेल्या नाहीत, आणि हे लक्षण मला बरे वाटत नाही.

जूनमध्ये पहिला सरावपाठ. ताईकडे पावसात वीज जाण्याची धास्ती, म्हणून ती आमच्याकडे आली. माझी खोली तिने घेतली आणि मला बाहेर काढून दार लावले. वेळ चाळीस मिनिटांची. मी दाराशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र उघडले. वाचत होतो असे म्हणणार नाही. आतून तिचा आवाज येई, भराभर, घाबरलेला. मग तिने काहीतरी विचारले आणि गप्प झाली.

शांतता. पाच सेकंद, दहा सेकंद. पावसाचा आवाज तेवढा. मला वाटले वीज गेली. वर पाहिले, पंखा चालू होता. आता हिने काहीतरी बोलावे, अगदी उत्तरच सांगून टाकावे, असे मला झाले. मी असतो तर केव्हाच सांगून मोकळा झालो असतो. आणि तेवढ्यात आतून एका बाईमाणसाचा परका आवाज आला, अडखळत, एक एक शब्द चाचपत. वाक्य पुरे व्हायला फार वेळ लागला. भाची मध्ये बोलली नाही.

तासाभराने चिरफाड आटोपून ती बाहेर आली. कपाळाला घाम.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, टाचण चांगलं होतं. बोलते मात्र फार."

"ते मामाकडून आलंय म्हणावं," मी म्हणालो, आणि चहा टाकायला उठलो.