नापास वैमानिक

दिघीच्या धक्क्यावर आगरदांड्याच्या बोटीची वाट पाहताना भाचा म्हणाला, "मामा, अर्जात नापास झाल्याचं लिहू नकोस, असं आई म्हणते."

चाळिशी उलटली तरी ताईशी वाद घालायची माझी छाती नाही! सुपारीची वाडी गहाण टाकून तिने याच्या २०० तासांच्या उड्डाणाचा खर्च भागवला. परवाना मिळाला, पुढे कंपनीच्या शिक्षणात, सिम्युलेटरवर एक इंजिन बंद पडताच, स्वारी दोनदा गोंधळली. तरी परवाना काही गेलेला नाही. वैद्यकीय तपासणी आणि यंत्रांवरून उडण्याची परीक्षा वेळच्या वेळी दिली, तर दुसरीकडे अर्ज करता येतो. पण नवी कंपनी जुन्या शिक्षणाची विचारपूस करणारच.

"चूक कुठे झाली आणि त्यावर किती तास घासलेस, ते लिही."

"आणि आईला?"

बोट धक्क्याला टेकत होती.