फॉर्मॅट मारला, पण धोका गेला का?

'लॅपटॉप स्लो झालाय? फॉर्मॅट मार!' हा आपल्याकडचा रामबाण उपाय. मीही जुन्या लॅपटॉपवर तेच केलं. विंडोज १० पुन्हा टाकलं, लॅपटॉप पळायला लागला. पण मित्रांनो, १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. पुढच्या सुरक्षा अपडेटसाठी वेगळी नोंदणी लागते, तीही ठरावीक मुदतीपुरतीच. त्यानंतर सापडलेली त्रुटी तशीच राहणार, कितीही वेळा फॉर्मॅट मारा. आणि नेट बँकिंग तर त्याच लॅपटॉपवर! विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि नवा प्रोसेसर लागतो. माझ्याकडे दोन्ही नाही. मग चालता लॅपटॉप भंगारात द्यायचा? मी मोफत मिळणारं लिनक्स मिंट टाकलं. तुम्हीही टाकून बघा, फक्त आधी फोटोंचा बॅकअप घ्या.